रुज्यांचा माठ

सेलवासजवळच्या या अख्ख्या राखोलीत माझ्याएवढी मोठी दुनिया कुणाकडं नाही. नदी, डोंगर, तीन तऱ्हेची माणसं, सगळी मी स्वतः बनवलेली. राहायला मात्र माझ्याकडं एका खोलीतली भिंतीकडची चटई आहे, आणि तिच्यावरसुद्धा अर्धा पाय दुसऱ्याचा असतो.

शाळेत मी एकदाच गेलो. आमची म्हैस आत घुसली होती, तिला काढायला. अक्षरं शिकलो ती सुताच्या कारखान्यात, खोक्यांवरची. पहिलं वाक्य वाचता आलं ते 'ही बाजू वर'. ते वाचून मी खोका उलटा ठेवला आणि शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून वाचायला येतं, पण त्याचा उपयोग होतो असं कुणी म्हणू नये.

धुळ्याकडून सेलवासला आलो तेव्हा आधी खोली शोधली. एक घरमालक दारातच म्हणाला, "घाटी लोकांना देत नाही. तुम्ही घाण करता, भांडता, आणि एकाच्या नावावर दहा राहता." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बराबर आहे शेठ, मी असतो तर मीपण दिली नसती." तो हसला. मीपण हसलो. खोली दिली नाहीच. परत येताना नदीच्या पुलावर उभा राहिलो आणि इतका राग आला की दात दुखायला लागले. त्या रागात मी पाण्याकडं बघून म्हणालो, तू तरी उलटी वाह. तिथं माझी दुनिया सुरू झाली.

माझ्या दुनियेत नदी सकाळी डोंगरावर चढते आणि सांजेला खाली उतरते. तिच्या काठाला पहिले आले ते धुरे. धुऱ्यांना अंग नाही, नुसता धूर. जिथं चूल पेटेल तिथं जातात, कुणी खिडकी उघडली की बाहेर. त्यांना कुणी खोली देत नाही, कारण भिंती काळ्या होतात. ते कोण, हे सांगायला नकोच. दुसरे आरशे. त्यांना तोंडाच्या जागी आरसा. त्यांच्याशी बोलायला गेलं की आपलंच तोंड दिसतं, आपण खूश होतो, हो हो म्हणतो, आणि घरी आल्यावर कळतं की तो काहीच बोलला नव्हता. आमचे मोठे साहेब पुण्याचे आहेत. केव्हाही जा, गोड हसतात.

जेवणाच्या अर्ध्या तासात खोक्यांच्या थप्पीमागं आम्ही बसायचो, नि मी हे सांगायचो. आधी तिघं ऐकायचे, मंग दहा, मंग पलीकडच्या मशीनवालेपण डबा घेऊन यायला लागले. माझ्या खोलीतला गडी सगळ्यात पुढं. तो शहाद्याकडचा, मशीन चालवतो, मी त्याच्या मशीनवरून सुतानं भरलेल्या बॉबिनी काढून गाडीवर लावतो. कामात तो माझा बाप, गोष्टीत मी त्याचा. त्याचं हसू असं, की आधी खांदे हलतात, मंग मांडी थोपटतो, आणि शेवटी "अरे भो, मारशील मला!" म्हणतो. त्या एका वाक्यासाठी मी काय वाटेल ते सांगितलं असतं. सांगितलंच.

हसायची नाही ती एकच. मावशी.

मावशी खानवेलच्या पुढच्या पाड्यावरची. पहिल्या बसनं यायची. पॅकिंगच्या टेबलावर तिचं काम: मशीनवरून आलेली बॉबिन अंगठ्यानं दाबायची आणि सैल निघाली की बाजूला. मशीनला कळत नाही ते तिच्या अंगठ्याला कळायचं. अकरा वर्षं उभ्यानं. तिचा उजवा गुडघा सांजेला नारळाएवढा व्हायचा. टेबलाच्या मुख्याला बसायला एक स्टूल असतं. तो मुख्य म्हातारा झाला होता, गावी जायच्या गोष्टी करत होता, आणि तो गेला की स्टूल मावशीला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं स्वतः कधी तोंडानं म्हटलं नाही. फक्त म्हातारा उठून बाहेर गेला की ती त्या स्टुलावरची धूळ पदरानं पुसायची. पुसायची नि परत उभी राहायची.

आणि माठ ती भरायची. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांच्या ऑफिसात गार पाण्याचं मशीन आहे, आमच्याकडं माठ. सकाळी आली की आधी माठ घासायची, भरायची, वर ताटली, ताटलीवर पेला उपडा. मी सेलवासला आल्यापासून पाणी प्यालो ते तिच्या हातचं.

ती गोष्ट ऐकायला जवळ बसायची नाही. शेडच्या बाहेर, जिथं लादी संपते तिथं चपला काढून पाय मातीत ठेवायची आणि नागलीची भाकर खायची. ऐकायला जायचं तिथं सगळं. दहा माणसं लोळायची आणि ती चावत राहायची. एकदा मी ओरडून विचारलं, "काय मावशी, आवडली नाही का गोष्ट?"

ती म्हणाली, "ऐकते ना. तुझं तोंड कुठं बंद होतं."

सगळे हसले. माझ्या गोष्टीला हसले नव्हते एवढे हसले. मला ते लागलं. कबूल करतो, फार लागलं. माझ्या दुनियेत माझ्यावर हसणारं कुणी नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिसरी माणसं काढली. म्हणालो, आता ऐका. धुरे यायच्या आधीपासून त्या मुलखात रुजे राहतात. रुज्यांच्या पायाच्या बोटांना मुळं. मातीत उभे राहिले की रुजलेच, मंग दोन माणसांनी ओढून काढावं लागतं. डोकं हळू चालतं, कारण विचार मुळापासून वर चढायला वेळ लागतो. विनोद कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. असं म्हणून मी शेडच्या बाहेर मावशीच्या पायांकडं बघितलं.

दहाच्या दहा मुंड्या तिकडं वळल्या. शहाद्याच्या गड्याचे खांदे हलायला लागले.

आता थांबावं की नाही? थांबलो असतो तर हे सांगायला बसलो नसतो. मी पुढं म्हणालो, धुरे रुज्यांच्या हातचं पाणी पीत नाहीत. का? त्यांनी हात लावलेल्या पाण्यात बी उतरतं. प्यायलं की पोटात झाड उगवतं, आणि धुऱ्याला अंगच नाही, मंग ते झाड नाकातून बाहेर येतं.

"अरे भो, मारशील मला!" मांडी थोपटून थोपटून लाल.

मावशीनं भाकरीचा तुकडा गिळला, पाय झटकले, चपला घातल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माठ घासायला गेली तर गड्यानं माठावर हात ठेवला. "राहू दे मावशी, आज आम्ही भरतो. पोटात साग उगवला तर ड्युटीवर कसं येऊ?" चेष्टाच ती. तीपण थोडी हसल्यासारखी झाली, सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यात माठाशेजारी दुसरा माठ आला, कुठून ते देवाला माहीत. पॅकिंगमधल्या कुणीतरी खोक्यावर लिहायच्या जाड पेनानं त्याच्यावर लिहिलं: रुजे. खानवेलची, दुधनीकडची, इथल्याच पाड्यांवरची पाच-सहा माणसं होती आमच्याकडं. ती गुपचूप त्या माठाकडं जायला लागली. कुणी भांडलं नाही. चेष्टेशी भांडणार कसं? भांडलं की म्हणायचं, अरे, गंमत आहे, तुला गंमत कळत नाही, तू खरंच रुज्या दिसतोस.

आणि मी? मी त्या माठासमोर उभा राहून ते अक्षर लावलं. रु. जे. माझा शब्द पहिल्यांदा लिहिलेला बघितला. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तटतटलं. ज्याला खोका सुलटा ठेवता येत नाही, त्याचा शब्द माठावर! मला शरम यायला पाहिजे होती. पुस्तकाचा धनी झाल्यासारखं वाटलं.

मंग म्हातारा मुख्य गावी गेला. स्टूल रिकामं झालं. मावशीनं त्या दिवशी स्वच्छ पातळ नेसलं होतं, केसाला तेल. ती स्टुलाशेजारी उभी राहिली, बसली नाही. मोठ्या साहेबांनी तिला न बोलवता मला बोलावलं.

ऑफिसात गार हवा. मी बूट बाहेर काढले, तर मोज्याला भोक. भोकातून अंगठा बाहेर. तो दुसऱ्या पायाखाली लपवून मी एका पायावर उभा, बगळ्यासारखा.

साहेब हसून म्हणाले, "तू तिथला हुशार माणूस. सगळे तुझं ऐकतात म्हणे. पाण्यावरून काय चाललंय?"

"काही नाही साहेब, गंमत."

"गंमत असेल, पण लोक जिच्या हातचं पाणी पीत नाहीत, तिच्या हाताखाली काम करतील का? मला वातावरण चांगलं पाहिजे. तुला काय वाटतं? तिला टेबल दिलं तर?"

एवढंच सांगायचं होतं, की साहेब, तिच्या अंगठ्याएवढं काम कुणाला येत नाही, आणि पाण्याचा चावटपणा मी केला. दोन वाक्यं. आयुष्यात लाखभर वाक्यं बोललो असेन, फुकट. ती दोन होती कामाची. पण समोर साहेबांचं गोड हसणारं तोंड, आणि त्यात मला मीच दिसत होतो: हुशार माणूस, सगळे ज्याचं ऐकतात. मला त्यांना हसवायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, लादीवर उभी आहे तोवर चालेल. पण स्टुलावर बसवली तर रुजायची तिथं, काढायला दोन माणसं लागतील."

साहेब खूप हसले. म्हणाले, "मातीत बरं वाटत असेल तर यार्डात देऊ तिला. मोकळी हवा."

मीपण हसलो. दारातून बाहेर येईपर्यंत हसत होतो. बूट घालताना कळलं की काय झालंय.

आमचं यार्ड म्हणजे मागची कच्ची जागा. तिथं ट्रकात खोके चढवायचे आणि ट्रकातून उतरवायचे. वर पत्रा नाही. बसायला काही नाही. स्टूल शहाद्याच्या गड्याच्या मेव्हण्याला मिळालं. त्याला येऊन सात महिने झाले होते. सैल बॉबिन आणि घट्ट बॉबिन त्याला सारखीच.

मावशीनं टेबलावरचा तिचा डबा उचलला आणि मागच्या दारानं गेली. उजवा पाय ओढत.

मला राग आला तो तेव्हा. साहेबांचा आला, मेव्हण्याचा आला, मांडी थोपटणाऱ्याचा आला. सगळ्यांना आईमाईवरून शिव्या दिल्या, अर्थात मनात, मी काही शूर नाही. खोलीवर आलो, चटईवर पडलो आणि माझा आजा आठवला.

गावात माझा आजा दुसऱ्याच्या शेतावर जायचा. तहान लागली की बांधावर उकिडवा बसायचा, ओंजळ तोंडाला लावायचा, आणि मालकीण उभ्यानं वरून पाणी ओतायची. तांब्या ओंजळीला लागायचा नाही, एवढा वर. अर्धं पाणी आज्याच्या कोपरावरून मातीत. मी शेजारी उभा असायचो, माझीपण ओंजळ तशीच. एकदा मी विचारलं, बाबा, ती तांब्या खाली का आणत नाही? आजा म्हणाला, "तिच्या हाताला वाक नाही." मी खूप हसलो होतो. आजा विनोदी माणूस होता. आमच्या घराण्यात हे विनोद असेच चालत आलेत.

म्हणजे पाण्याचा विनोद मी बनवलाच नव्हता. माझ्याच ओंजळीत वरून ओतलेला होता तो. मी तो तीस वर्षं सांभाळला आणि सेलवासला येऊन मावशीच्या डोक्यावर ओतला. उलटी नदी बनवली म्हणून फुशारकी मारत होतो. माझी नदी वरून खालीच वाहत होती, बाकीच्या सगळ्यांसारखी. घरमालकानं मला घाटी म्हटलं तर पुलावर दात खाल्ले, नि दुसऱ्याला नाव ठेवायची पाळी आली तर मी अख्खी जात तयार करून दिली, मुळांसकट.

यावर शहाण्यानं काय केलं असतं? साहेबांकडं गेला असता. मी काय केलं? मी नवी गोष्ट बनवली. मला वाटलं, गोष्टीनं बिघडलं ते गोष्टीनं नीट होईल. पंक्चर काढल्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, की एक दिवस उलट्या नदीला पूर आला, धुरे विझायला लागले, आरशे तडकले, आणि रुजे तेवढे उभे राहिले, मुळं होती म्हणून. त्यांच्या अंगाला धरून सगळे वाचले. मंग सगळ्यांनी रुज्यांना राजे केलं.

कुणी हसलं नाही. शहाद्याचा गडी डबा बंद करत म्हणाला, "आज मजा नाही आली भो. कीर्तन झालं."

तरी मी खूश होतो. तसाच धावत यार्डात गेलो. मावशी ट्रकाच्या चाकाच्या सावलीत गुडघा चोळत बसली होती.

"मावशी, ऐक! आज मी रुज्यांना राजे केलं!"

तिनं माझ्याकडं बघितलं. मंग म्हणाली, "तू आज पाणी कुठल्या माठातलं प्यालास?"

दोन महिने मी धुऱ्यांच्याच माठातलं पीत होतो. मला कुणी अडवलं नव्हतं, हुकूम नव्हता. माझीच थाप, मला माहीत होतं की झाडबिड काही उगवत नाही. तरी पाय आपोआप तिकडंच जायचे.

"जा," ती म्हणाली, "माझा गुडघा दुखतो, तुझ्याशी बोलायला उठणार नाही मी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे जमले असताना, मी रुज्यांच्या माठापाशी गेलो. पेला भरला. घटाघट प्यालो, दुसरा भरला, तोपण. घाईत ठसका लागला, नाकातून पाणी आलं.

"झाड आलं, झाड आलं!" सगळे ओरडले.

मी ठसकत ठसकत ओरडलो, "झाड नाही, काही नाही! मी खोटारडा! मीच बनवलं हे सगळं, तुम्ही कसले गाढव म्हणून पाळता रे?" आणि ओल्या हातानं माठावरचं ते अक्षर पुसायला लागलो. जाड पेनाची शाई, पुसली जाते काय? नुसती पसरली. माझं तोंडपण पुसलं त्याच हातानं, तर गालावर काळं.

शहाद्याचा गडी उठला. मला वाटलं, येऊन पाणी पिईल. दोस्त आहे माझा, एका चटईवर पाय असतो त्याचा. तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "माझ्या मेव्हण्याच्या पोटावर पाय देतोस का? गप बस." आणि आमच्याच माठातलं, म्हणजे धुऱ्यांच्या माठातलं पाणी पिऊन मशीनवर गेला. दुधनीचा एक जण तेवढा उठला, माझ्या हातातला पेला घेतला, पाणी प्याला आणि पेला उपडा ठेवला. बाकीचे डबे धुवायला गेले.

साहेब दारात उभे होते. या खेपेला मी एका दमात ती दोन वाक्यं बोललो. ऑफिसात बोलायची ती, मावशीचा अंगठा नि माझा चावटपणा. शिळी झालेली, पण बोललो. साहेब गोड हसले.

"तुला रुज्यांचं एवढं प्रेम आहे तर उद्यापासून तूपण यार्डात. मोकळी हवा."

स्टुलाचं नावसुद्धा काढलं नाही. मेव्हणा अजून त्याच्यावर आहे. परवा सैल बॉबिनींनी भरलेला अर्धा ट्रक परत आला. तो आम्हीच उतरवला, यार्डवाल्यांनी. दोन माठ अजून दोनच आहेत. एकावर माझा शब्द, पसरलेला.

पण हे मंगचं. यार्डातल्या पहिल्या दिवशी मी ताठ मानेनं मागच्या दारातून बाहेर आलो. ऊन असं की खोक्याला हात लावला तर चटका. मावशी एका मोठ्या खोक्याचं एक टोक धरून उभी होती, दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, "बघ मावशी, आलो. तुझ्यासाठी उन्हात आलो."

मावशी म्हणाली, "माझ्यासाठी नको सांगू. मी तुझ्यामुळं आलेय इथं. धर ते टोक."